सान जिमिन्यानो: एका रात्रीच्या मुक्कामाचं गाव

इटलीच्या बहुतेक टूर पॅकेजमध्ये सान जिमिन्यानोचं नाव असतं, पण त्यापुढे वेळ असतो दोन तास. साडेअकराला बस वेशीबाहेर उतरवते, दीडला परत बोलावते. तेवढ्यात एका रस्त्याने वर जायचं, चौकात आइस्क्रीम खायचं, फोटो काढायचे आणि खाली यायचं. नेमकी तीच वेळ सगळ्यांची असल्यामुळे गल्लीत अशी रेटारेटी होते की मनोरा बघायला मान वर केली तर मागचा माणूस अंगावर येतो. गाव बघायचंच असेल तर तिथे एक रात्र राहा. संध्याकाळी सहाला शेवटच्या टूर बस निघतात आणि सकाळी दहापर्यंत नव्या येत नाहीत. त्या मधल्या वेळात हे गाव दिसतं. खालची सगळी माहिती त्या एका मुक्कामाभोवती आणि जळगाव, धुळे, नंदुरबारकडून निघणाऱ्या माणसाला काय लागेल ते धरून दिली आहे.

आधी थोडं गावाबद्दल, कारण ते कळलं नाही तर तिथे नुसते उंच दगड दिसतात. टस्कनी भागात, सिएना जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून 324 मीटर उंच टेकडीवर हे गाव आहे. उत्तर युरोपातून रोमला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट, व्हिया फ्रान्चीजेना, या गावातून जायची. मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघालेल्या पालखीच्या मुक्कामांवर जशी त्या दिवसांत उलाढाल होते, तशी इथे वर्षभर होत होती. त्यात भर केशराच्या व्यापाराची. पैसा आला, तशी घराण्या-घराण्यांत चुरसही आली, आणि प्रत्येकाने आपला मनोरा उभा केला. एके काळी गावात 72 मनोरे होते असं परंपरेने सांगतात. आज 14 उभे आहेत.

आपल्याकडच्या गढ्या डोळ्यासमोर आणा. पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, एकच दिंडी दरवाजा, आत आड. गढी म्हणजे घर, आसरा आणि भाऊबंदांना दाखवायची ऐट, तिन्ही एकत्र. सान जिमिन्यानोचे मनोरे त्याच कामाचे, फक्त दगडाचे आणि आभाळाकडे वाढलेले. इथली दोन मोठी घराणी, आर्दिंगेल्ली आणि साल्वुच्ची, पिढ्यानपिढ्या एकमेकांविरुद्ध होती. 1255 मध्ये गावाने नियमच केला की पंचायतीच्या 51 मीटरच्या मनोऱ्यापेक्षा, म्हणजे तोर्रे रोन्योझापेक्षा, कोणी उंच बांधायचं नाही. साल्वुच्चींनी मग एकाऐवजी दोन मनोरे शेजारी शेजारी बांधले. ते जुळे आजही उभे आहेत.

गाव टिकलं कसं, याचं उत्तर दुःखाचं आहे. 1348 च्या प्लेगमध्ये वस्तीचा मोठा हिस्सा गेला, 1353 मध्ये गाव फ्लॉरेन्सच्या ताब्यात गेलं आणि वाहतूक खालच्या दरीतल्या रस्त्यांनी होऊ लागली. हातात पैसा नव्हता, त्यामुळे जुनं पाडून नवं बांधणं झालंच नाही. आपल्या गढ्यांची माती लोकांनी धाब्यावर टाकायला नेली. इथे दगड जागेवरच राहिला. 1990 मध्ये गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं.

कधी जावं

आपल्याकडून बहुतेक कुटुंबं शाळेच्या सुट्ट्या बघून निघतात, म्हणजे मे महिना नाहीतर दिवाळी. या दोनपैकी मे निवडा. हवा सुखाची असते, आणि मेच्या मध्याला सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे टूरवाले गेल्यावरही दोन-अडीच तास उजेड हाताशी राहतो. दिवाळीत नेमकं उलटं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, पाचच्या आसपास अंधारतं आणि नोव्हेंबर हा टस्कनीतला भरपूर पावसाचा महिना आहे. ओल्या फरशीवर उतार चालणं वयस्क माणसांना जड जातं. जुलै-ऑगस्टचं 35 अंशांचं ऊन भुसावळच्या माणसाला काही वाटणार नाही, पण गर्दी वाटेल. जानेवारी-फेब्रुवारीत गाव शांत असतं, मात्र बरीच हॉटेलं आणि खानावळी बंद असतात. मेमध्ये जाताना 1 मेच्या आसपासचे दिवस टाळा, आणि एप्रिलमध्ये ईस्टर व 25 तारीख. या दिवसांत इटालियन लोक स्वतःच फिरायला बाहेर पडतात.

आठवड्यातला वारही बघा. गुरुवारी सकाळी मुख्य चौकांत आठवडे बाजार भरतो. बाजार बघायला छान, पण चौकाचा मोकळा फोटो त्या दिवशी मिळत नाही. रविवारी जवळच्या पोज्जीबोन्सी या रेल्वे स्टेशनाहून गावात जाणाऱ्या बस फार कमी असतात आणि सकाळी मुख्य चर्चमध्ये प्रार्थना चालते. सोमवार ते बुधवारमधली एखादी रात्र सगळ्यात सोयीची.

व्हिसा आणि शेतकऱ्याचे कागद

इटलीला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून एकच चालणारा, व्हिसा लागतो. प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि किमान 15 दिवस आधी अर्ज करता येतो. मेमध्ये जायचं असेल तर फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट शोधायला लागा, कारण उन्हाळ्याच्या तारखा झपाट्याने भरतात. महाराष्ट्रातल्या अर्जदारांसाठी इटलीचा मुंबईचा वाणिज्य दूतावास आहे आणि अर्ज व्हीएफएस या खासगी कंपनीच्या केंद्रात घेतले जातात. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. रात्रीच्या गाडीने निघून त्याच सकाळची अपॉइंटमेंट घेऊ नका. गाडी दोन तास उशिरा आली तर अपॉइंटमेंट हुकते. दुपारची वेळ घ्या किंवा आदल्या दिवशी मुंबईत पोचा.

शुल्क मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45 युरो, त्याहून लहानांना नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि किमान दोन कोरी पानं असलेला पाहिजे. फ्रान्स-स्वित्झर्लंडही करणार असाल तर ज्या देशात रात्री जास्त, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिलं पाऊल पडेल तिथे.

खान्देशातल्या अर्जांमध्ये खरी अडचण उत्पन्न दाखवण्याची असते. नोकरदाराकडे पगारपत्रक असतं. केळी किंवा कापूस लावणाऱ्याचा पैसा वर्षातून दोन-तीनदा एकरकमी येतो आणि बँकेचं स्टेटमेंट मधले महिने ओस दिसतं. व्हिसासाठी म्हणून अर्जाच्या आठवडाभर आधी नातेवाइकाकडून पाच लाख खात्यात टाकून घेतले, की संशय येतो. त्यापेक्षा सातबारा आणि 8अ चे उतारे, त्यांचं इंग्रजी भाषांतर, माल विकल्याच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांच्या रकमा स्टेटमेंटमध्ये कुठे जमा झाल्या ते खुणा करून जोडा. भरलेली आयकर विवरणपत्रंही लावा. शेती उत्पन्न करमुक्त असलं तरी विवरणपत्रात ते दाखवलेलं असेल तर अर्जाला वजन येतं. सोबत एका पानाचं साधं पत्र: कोण जाणार, किती दिवस, खर्च कोण करणार, परत का येणार. पत्रातल्या तारखा, हॉटेलचं बुकिंग, विमा आणि विमानाचं तिकीट, चारही एकमेकांशी जुळल्या पाहिजेत. एक रात्र जरी कुठे राहणार ते रिकामं राहिलं, तरी अर्ज अडतो.

गावापर्यंत

रोम विमानतळाहून तेर्मिनी स्टेशनला थेट गाडी 32 मिनिटांत पोचते. तिथून फ्लॉरेन्स वेगवान रेल्वेने साधारण दीड तास. फ्लॉरेन्सचं मुख्य स्टेशन सांता मारिया नोव्हेल्ला. पुढचा प्रवास तिथूनच सुरू होतो, आणि बहुतेक चुकाही तिथूनच.

सिएनाकडे जाणारी साधी प्रादेशिक गाडी धरायची. काही गाड्या थेट असतात, काहींना एम्पोली इथे गाडी बदलावी लागते. तासाभराने, फार तर सव्वा तासाने, पोज्जीबोन्सी–सान जिमिन्यानो हे स्टेशन येतं. नाव बघून गाव आलं असं समजू नका. सान जिमिन्यानोला रेल्वे नाहीच. हे स्टेशन पोज्जीबोन्सी या दुसऱ्या गावात आहे आणि तिथून अजून अकरा-बारा किलोमीटर डोंगराचा रस्ता आहे. स्टेशनबाहेरच 130 नंबरची बस मिळते, ती वीस-पंचवीस मिनिटांत वर नेते. टेकड्या सुरू झाल्या की मनोरे कधी डावीकडे, कधी उजवीकडे दिसू लागतात. शेवटी बस पोर्ता सान जोव्हान्नी या दक्षिणेच्या वेशीसमोर थांबते.

तिकिटाचं नीट लक्षात घ्या. स्टेशनवर कागदी तिकीट घेतलं, तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा ठसा उमटवायचा. मोबाइलवर काढलं असेल तर त्यावर चेक-इन करावं लागतं का, ते तिकीट काढतानाच बघा. तिकीट खिशात असूनही ठसा नसेल तर दंड होतो आणि "आम्हाला माहीत नव्हतं" हे चालत नाही. बसचं तिकीटही शक्यतो आधीच घ्या. 'टी' अक्षराची पाटी असलेल्या तंबाखू-पेपरच्या दुकानात मिळतं. परतीचंही तेव्हाच घेऊन ठेवा. पोज्जीबोन्सीकडे जाणाऱ्या शेवटच्या बसची वेळ हाताशी राहावी म्हणून उतरल्या उतरल्या थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. त्यात कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस असे दोन वेगळे रकाने असतात. 'फेरियाले' म्हणजे कामाचा दिवस, 'फेस्तिवो' म्हणजे रविवार आणि सण. पुष्कळ जण चुकीचा रकाना वाचून थांब्यावर बसून राहतात.

पाच-सहा जण असतील तर गाडी भाड्याने घेणं परवडतं. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो एक वर्ष चालतो आणि आपला मूळ परवाना सोबत असेल तरच त्याला अर्थ आहे. तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. तटाच्या आतला सगळा भाग मर्यादित वाहतुकीचा आहे. वेशीवर लाल कडेचं पांढरं गोल चिन्ह आणि कॅमेरा असतो. नकाशाचं अॅप सांगतं म्हणून आत घुसलात, की नंबर टिपला जातो, गाडी देणारी कंपनी तुमच्या कार्डावरून आपलं शुल्क आधीच कापते आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं. हॉटेलपाशी सामान उतरवायचं असेल तर हॉटेलवाल्याला गाडीचा नंबर आदल्या दिवशी कळवा. तो नोंदवून घेतो. गाडी ठेवायला तटाबाहेर क्रमांक दिलेले वाहनतळ आहेत. पी2 वेशीला सगळ्यात जवळ आणि महाग, पी1 लांब आणि स्वस्त. दहाच्या आधी आलात तर जागा शोधावी लागत नाही.

खोली

तटाच्या आत राहा. बाहेरच्या द्राक्षमळ्यांतली घरं सुंदर आहेत, पण रात्री गावात चालत जाता येत नसेल तर मुक्कामाचा हेतूच गेला. आतली घरं सात-आठशे वर्षं जुनी, म्हणजे अरुंद जिना आणि बहुधा लिफ्ट नाही. घरातल्या आबा-जिजींना गुडघ्याचा त्रास असेल तर बुक करतानाच "खोली कितव्या मजल्यावर, पायऱ्या किती" हे लिहून विचारा. तिथला 'पहिला मजला' म्हणजे जमिनीवरचा नव्हे. मोठी चाकाची बॅग दगडी फरशीवरून चढावर ओढणं त्रासाचं आहे. मोठं सामान फ्लॉरेन्सच्या हॉटेलात ठेवून एका रात्रीपुरती पाठीवरची पिशवी घेऊन या. दर माणशी दर रात्री थोडा स्थानिक कर खोलीच्या भाड्यावर वेगळा द्यावा लागतो. आपली तीन पिनांची जाड प्लग तिकडच्या सॉकेटात बसत नाही. दोन गोल पिनांची बारीक प्लग बसते. वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची.

गाव कसं चालावं

दुपारी तीन-चारला पोचा, खोलीवर आराम करा, सहाला बाहेर पडा.

1262 च्या पोर्ता सान जोव्हान्नीतून आत शिरलं की एक सरळ चढ लागतो. दुकानं संपता संपता एक जुनी कमान येते आणि तिच्यापलीकडे गाव एकदम उघडतं. हा पियात्सा देल्ला चिस्तेर्ना, म्हणजे आडाचा चौक. फरशी विटांची, तिरप्या विणीची, आणि चौक सपाट नाही. मधल्या आडाकडे उतार जाणवतो. आड 1273 चा, अष्टकोनी कट्ट्याचा. इथे घाई करू नका. कट्ट्याजवळ जाऊन काठाच्या दगडावर बोट फिरवा. दोराने झिजून पडलेले खोल चरे लागतील. शेकडो वर्षं बायकांनी पाणी शेंदलं, त्याची ती खूण आहे. गावाकडच्या जुन्या आडाच्या काठावर अशाच खाचा बघितलेल्या असतील, तर या चौकात आणखी काही समजावून सांगायला लागत नाही.

आता मान वर करून आर्दिंगेल्लींच्या मनोऱ्यांच्या भिंती बघा. ठरावीक अंतरावर चौकोनी भोकं दिसतील. ती खिडक्या नव्हेत. बांधकामाच्या वेळी त्यांत लाकडी वासे घालून परांची बांधत, आणि पुढे त्याच भोकांत वासे खुपसून बाहेर लाकडी सज्जे टांगत. मनोरा आतून फारच चिंचोळा, कारण भिंतीच खूप जाड. राहती जागा बाहेर वाढवायला सज्जाच उपयोगी. लाकूड गेलं, भोकं राहिली. आज हे मनोरे उघडे-बोडके दिसतात, पण त्या काळी त्यांच्या अंगाखांद्यावर माणसं, दोऱ्या, कपडे असणार. हे डोळ्यासमोर आणून बघितलं की गाव वेगळं दिसतं.

शेजारचाच चौक मुख्य चर्चचा. तिथून पाच मिनिटं वर चढून रोक्का दी मोन्तेस्ताफ्फोलीत जा. फ्लॉरेन्सवाल्यांनी गाव ताब्यात घेतल्यावर बांधलेला हा किल्ला आता पडका आहे, आत ऑलिव्हची झाडं आहेत आणि बागेत जायला पैसे लागत नाहीत. सूर्यास्त इथूनच बघा. उजेड जाता जाता मनोऱ्यांचा दगड आधी पिवळा, मग तांबूस होतो. अंधार पडल्यावर पुन्हा आडाच्या चौकात येऊन पायऱ्यांवर बसा. पावलांचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो इतकी शांतता असते.

सकाळी सातला उठून उत्तरेकडे, पोर्ता सान मात्तेओच्या रस्त्याने चाला. पाठीवर पिशवी, हातात काठी घेतलेले यात्रेकरू दिसतील. रोमची ती पायवाट अजून चालू आहे. एका बाजूला उतरून गेलं की तटाबाहेर कमानींखालचे जुने पाणवठे लागतात, जिथे गाव पाणी भरायचं आणि धुणं धुवायचं. उतार तीव्र आहे. जेवढं उतराल तेवढं चढायचं आहे हे गुडघ्यांना विचारून ठरवा.

उत्तर टोकाला सांतागोस्तीनो चर्च आहे. बाहेरून अगदी साधं, विटांचं. आत मुख्य वेदीमागे बेनोत्सो गोत्सोलीने 1464-65 मध्ये संत ऑगस्टीनचं चरित्र भिंतभर रंगवलं आहे; पहिलंच चित्र लहान ऑगस्टीनला शाळेत घालण्याचं. अशा चर्चमध्ये बऱ्याचदा नाणं टाकल्यावर दिवे लागतात, म्हणून एक युरो आणि 50 सेंटची नाणी खिशात ठेवा. ती सार्वजनिक शौचालयातही लागतात. तिथे पाण्याचा फवारा नसतो. छोटी बाटली सोबत असू द्या.

मुख्य चर्च, कोल्लेजाता, 1148 मध्ये पवित्र केलेलं आहे. समोरच्या रुंद पायऱ्या चढून दार उघडायची वाट बघू नका. पाहुण्यांचा प्रवेश आणि तिकीट बाजूच्या कमानीतून आत असतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ओढणी किंवा उपरणं पुरतं. आत शिरल्यावर डाव्या भिंतीवर बायबलमधल्या जुन्या कराराच्या कथा आहेत, बार्तोलो दी फ्रेदीने 1367 मध्ये रंगवलेल्या, उजवीकडे येशूच्या. त्या काळी वाचता न येणाऱ्यांसाठी हीच पोथी होती.

जळगावकराला अजिंठा जवळचा, म्हणून एक तुलना उपयोगी पडेल. अजिंठ्यात मातीचा गिलावा वाळल्यावर त्यावर रंग दिले. इथे ओल्या चुन्यावर रंग लावला. चुना वाळताना रंग त्याच्या पोटात बंद होतो. त्यामुळे एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच ओला गिलावा रोज लावायचा. भिंतीजवळ उभं राहून तिरक्या नजरेने बघा: एखाद्या डोक्याभोवती किंवा झग्याच्या कडेला बारीक सांधा दिसेल. तिथे एका दिवसाचं काम संपून दुसऱ्या दिवसाचं सुरू झालं. चेहऱ्यांना तुकडा लहान, आभाळाला मोठा. असे चार-पाच सांधे सापडले की समोर नुसती चित्रं राहत नाहीत, कारागिराचे दिवस दिसू लागतात.

उजवीकडच्या टोकाला सांता फिनाचं छोटं प्रार्थनागृह आहे. ही गावची मुलगी; आजारपणात पाच वर्षं लाकडी फळीवर पडून होती आणि 12 मार्च 1253 रोजी वारली. तिच्या मृत्यूच्या वेळी मनोऱ्यांवर फुलं उमलली अशी श्रद्धा आहे, आणि मार्चमध्ये त्या दगडांच्या फटींत पिवळी फुलं आजही येतात. दोमेनिको गिर्लांदायोने रंगवलेल्या तिच्या अंत्यदर्शनाच्या चित्रात मागे याच गावाचे मनोरे आहेत. बाहेर पडून तेच ताडून बघता येतात.

सगळ्यात शेवटी तोर्रे ग्रोस्सा. उंची 54 मीटर, 1311 मध्ये पूर्ण झालेला, पंचायतीच्या वाड्यातला. पायऱ्या 218. बराचसा जिना आतून लोखंडी आणि रुंद आहे. अडचण शेवटच्या टप्प्यात येते, तिथे शिडीसारखं उभं चढून बुटक्या तोंडातून बाहेर निघायचं असतं. पाठीवरची पिशवी अडकते, डोकं आपटतं. चक्कर येणाऱ्यांनी आणि कडेवर मूल असणाऱ्यांनी खालच्या टप्प्यावर थांबावं. उघडल्या उघडल्या चढा. अकरानंतर वर जागा नसते. त्याच तिकिटात वाड्यातलं दालन आहे, जिथे फ्लॉरेन्सचा दूत म्हणून 1300 मध्ये कवी दान्ते आला होता. त्या दालनातलं लिप्पो मेम्मीचं भिंतभर चित्र 1317 चं.

खाणं

शाकाहारी माणूस इथे उपाशी राहत नाही, पण विचारल्याशिवाय ताटाला हात लावू नये. 'पिची' हा हाताने वळलेला जाड शेवयांसारखा पास्ता बहुधा फक्त मैदा-पाण्याचा असतो. 'पिची आल्लाल्योने' मागितला की टोमॅटो-लसणाचा रस्सा मिळतो, आणि आपली लाल मिरची भुरभुरली तर जिभेला ओळखीचा लागतो. 'रिबोल्लीता' म्हणजे पांढऱ्या घेवड्याचे दाणे, काळपट कोबीची पानं आणि शिळा पाव घालून घट्ट शिजवलेलं सूप. ते शाकाहारी असतं, मात्र काही ठिकाणी हाडांच्या पाण्यात शिजवतात, म्हणून "ब्रोदो दी कार्ने?" असं विचारा. 'क्रोस्तीनी तोस्कानी' टाळा, त्यावर कोंबडीच्या काळजाचा लेप असतो. 'चिंग्याले' म्हणजे रानडुक्कर, 'रागू' म्हणजे खिम्याचा रस्सा, 'स्त्रुत्तो' म्हणजे डुकराची चरबी. कडक पाळणाऱ्यांनी चीजही टाळावं, कारण पार्मेझान आणि बहुतेक पेकोरीनो वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या विरजणाने लावतात. "सेन्झा फोर्माज्जो" म्हणजे चीजशिवाय. पुरुषाने "सोनो व्हेजेतारियानो", बाईने "व्हेजेतारियाना" म्हणायचं. जैन मंडळींनी "सेन्झा उओव्हा, सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला", म्हणजे अंडी, लसूण, कांदा नको, हे कागदावर लिहूनच द्यावं.

पाव बिनमिठाचा असतो. बिघडलेला नाही; टस्कनीत तो असाच करतात. लोणच्याबरोबर छान लागतो. 'लात्ते' मागितलं तर पेलाभर दूध येतं, 'काफ्फे' म्हणजे घोटभर कडक कॉफी. आपल्यासारखा चहा मिळत नाही, पावडर सोबत ठेवा. खानावळी साधारण साडेबारा ते अडीच आणि साडेसातनंतर उघडतात. चारला भूक लागली तर बेकरी. बिलात दर माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' लागतो, ते टेबलावर बसण्याचं शुल्क आहे, फसवणूक नाही. नळाचं पाणी पिता येतं. 'नॉन पोताबिले' लिहिलेल्या तोटीचं पिऊ नका.

घरून काय न्यावं याचे नियम कडक आहेत. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत: तूप, पेढे, खवा, पनीर घरीच ठेवा. ताजी मिरची, कढीपत्ता, वांगी यांनाही वनस्पती प्रमाणपत्राशिवाय बंदी आहे, त्यामुळे भरताचा बेत परत आल्यावरच. प्रमाणपत्र लागत नाही अशी फळं पाचच: अननस, नारळ, डुरियन, खजूर आणि केळी. रावेर-यावलच्या माणसाला हे कळून बरं वाटेल. मात्र पिकलेली केळी बॅगेत दबतात. न्यायचीच तर कडक, हिरवट न्या. बिबडे, शेव, दाण्याची चटणी, वाळवलेला ठेचा खुशाल न्या. लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत अडते, ती मोठ्या बॅगेत दोन पिशव्यांत बांधून ठेवा.

परतताना केशर घ्यायचं असेल तर सान जिमिन्यानोचंच घ्या. त्याला 2005 पासून युरोपीय संघाचं संरक्षित नाव आहे. पुडीवर 'झाफ्फेरानो दी सान जिमिन्यानो' आणि 'डीओपी' ही अक्षरं, दोन्ही बघा. अख्ख्या तारा घ्या, पूड नको. पूड केलेल्या केशरात भेसळ ओळखता येत नाही. एका ग्रॅमसाठी दीडशेच्या आसपास फुलं हातानं खुडावी लागतात, म्हणून दहावा हिस्सा ग्रॅमच्या चिमुकल्या पुड्याही मिळतात. घरी दोन वाट्या बासुंदीला त्यातली अर्धी पुडी कोमट दुधात अर्धा तास भिजवून घाला.